जुनी मिनी, ९९८ सीसी: २०डब्ल्यू-५० मिनरल की १०डब्ल्यू-४० सेमी-सिंथेटिक?

अर्धा_चोक
गाडी १९७१ची मिनी १०००, ए-सिरीज इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. फिल्टर जुन्या पद्धतीचा, डब्यात कागदी एलिमेंट. गाडी बहुतेक जवळच्या फेऱ्यांनाच निघते, हवा साधारण ५ ते ४० अंश. सध्या आत काय आहे ते माहीत नाही, म्हणून सगळंच बदलायचंय. २०डब्ल्यू-५० मिनरल, १०डब्ल्यू-४० सेमी-सिंथेटिक की डिझेलवालं १५डब्ल्यू-४०? झिंकची वेगळी बाटली ओतावी का? आणि गिअरबॉक्सचं ऑइल कुठून भरतात?

वंगणशास्त्री
शेवटचा प्रश्न आधी, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं नसतंच. या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, संपमध्येच (ऑइल साठतं त्या तळाच्या भागात) बसवलाय. क्रँकच्या बेअरिंगना जाणारं ऑइल तेच, गिअरच्या दातांत चिरडलं जाणारंही तेच आणि डिफरन्शियललाही तेच.

मल्टिग्रेड ऑइल (डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतला दाटपणा, नंतरचा तापल्यावरचा) गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात पॉलिमर घातलेले असतात. त्यांच्या लांब साखळ्या गिअरच्या दातांत तुटतात आणि ऑइलचा दाटपणा कायमचा उतरतो. १०० अंशाला ५० ग्रेडचं ऑइल किमान १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असावं लागतं, ४० ग्रेडचं किमान १२.५. म्हणजे २०डब्ल्यू-५० झिजून एक पायरी उतरलं तरी ४० उरतं. १०डब्ल्यू-४० मुळातच खालच्या पायरीवर, ते उतरलं की ३०. या इंजिनाच्या बेअरिंगमधल्या फटींना ते पातळ पडतं आणि तापल्यावर ऑइलचं प्रेशर पडतं.

तुमच्या हवेत २०डब्ल्यू-५० मिनरलच घ्या. थंडी उणे १०च्या खाली जात असती तर १५डब्ल्यू-५० सांगितलं असतं. जीएल-४, जीएल-५ लिहिलेलं गिअर ऑइल मात्र यात चुकूनही नको, ते इंजिनासाठी नाही.

टॅपेट_टकटक
ग्रेडबद्दल सहमत. झिंकबद्दल थोडं. ए-सिरीजमध्ये कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, उंचवट्यावर सपाट टॅपेट घासत फिरतो, रोलर नाही. तिथे दाब इतका असतो की ऑइलचा थर फाटतो आणि झेडडीडीपी, म्हणजे झिंक-फॉस्फरसचं संयुग, धातूवर जो लेप धरतं तोच झीज थोपवतो. अलीकडच्या ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळायला फॉस्फरस कमी केलाय. पण एपीआय एसएन या ऑइलच्या दर्जाची फॉस्फरसची ८०० पीपीएमची (दहा लाखांत ८०० भाग) कमाल मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५०ला नाही. त्यामुळे 'एसएन दिसलं की गाडी मेली' ही ओरड सरसकट खरी नाही. डब्यावरचं अक्षर पाहून ठरवू नका, कंपनीच्या डेटाशीटमध्ये झिंक १००० ते १३०० पीपीएमच्या आसपास आहे का ते बघा.

तेवढं असेल तर वेगळी बाटली ओतू नका. जास्त झिंक म्हणजे जास्त संरक्षण असं नसतं, प्रमाणाबाहेर गेलं की तेच धातूला खायला लागतं. घर्षण कमी करणारी मॉलिब्डेनम किंवा पीटीएफईची औषधंही नकोत. सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी कडी, घर्षणावरच काम करते. ती घसरायला लागली की गिअर टाकताना खर्रकन आवाज येणारच.

डिझेलवाल्या १५डब्ल्यू-४०मध्ये झिंक बरं असतं, पण ४० ग्रेडची अडचण तीच. अडल्यावेळी चालेल, नेहमीसाठी नाही.

पाना_पंधरा_सोळा
बदलताना घ्यायची काळजी:

इंजिन चांगलं गरम करा, गाडी सपाट जागेवर. ड्रेन प्लगला (ऑइल सोडायच्या बुचाला) १५/१६ इंची पाना लागतो. मिलिमीटरचा जवळपासचा पाना लावलात तर कोपरे गोल होतील. तांब्याचा वॉशर दर वेळी नवा. प्लग ३४ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नका. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की काम वाढलंच.

डब्याच्या फिल्टरमध्ये गळतीचं नेहमीचं कारण म्हणजे वरच्या खाचेत चिकटून राहिलेली जुनी रबरी रिंग. ती काळी, कडक झालेली असते, धातूचाच भाग वाटते. टोकदार सुईने उपसून काढा. तिच्यावरच नवी बसवली तर सुरू करताक्षणी ऑइल बाहेर. डब्याच्या आतली स्प्रिंग, वॉशर कोणत्या क्रमाने आहेत ते सोडवतानाच बघून ठेवा.

फिल्टरसकट सुमारे ४.८ लिटर लागतं. आधी ४ लिटर ओता, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची स्विचकडून येणारी वायर काढून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, मग वायर लावून चालू करा. बंद करून काही मिनिटांनी पुन्हा पातळी बघा, फिल्टर भरल्यामुळे ती खाली गेलेली असेल. पुढे दर ५००० किमीला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते.

अर्धा_चोक
ड्रेन प्लग काढला. त्याच्या टोकाच्या चुंबकावर राखाडी लगदा आहे. काळजीचं आहे का? आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय.

वंगणशास्त्री
बोटावर चोळून बघा. लोण्यासारखा मऊ लागला तर ती दातांची रोजची झीज, पुसून टाका. टोचणारे तुकडे, सुईसारखे रोलर किंवा दाताचा कोपरा मिळाला तर गिअरबॉक्स उघडल्याशिवाय गाडी चालवू नका. सिंक्रोचा पितळी चुरा चुंबकाला लागत नाही, म्हणून काढलेलं ऑइल पातळ फडक्यातून गाळून उजेडात धरा.

पेट्रोलच्या वासाकडे जास्त लक्ष द्या. छोट्या फेऱ्या आणि ओढून ठेवलेला चोक यामुळे न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढत असेल तर ते पेट्रोलच. नवं ऑइल घालण्याआधी चोक पूर्ण आत जातो का, कार्बोरेटरच्या फ्लोटची नीडल गळते का ते तपासा, नाहीतर ५० ग्रेड महिनाभरही टिकणार नाही. नंतर इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत ६० पीएसआय आणि आयडलला १५च्या आसपास प्रेशर मिळालं तर ठीक. त्याहून बरंच कमी आलं तर आणखी दाट ऑइल शोधू नका, आधी गेज आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) बघा, मग बेअरिंग.