फोमचं पडीक विमान दुरुस्त करू की नवं घेऊ? आणि बडोद्यात उडवायचं कुठे? (बजेट ६०००)

अकोटा_४१ · २ डिसेंबर, रात्री ९:५०
नमस्कार मंडळी. ऑफिसमधला एकजण कॅनडाला गेला, जाताना त्याचं रिमोटचं विमान मला देऊन गेला. फोमचं आहे, पंख पोटाखालून, जुन्या लढाऊ विमानासारखं हिरवं रंगवलेलं, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ११० सेंमी. नाक चेपलंय, मोटर बसते ती लाकडी पट्टी सुटलीय, डावा पंख मधे तडकलाय. रिमोट फ्लायस्काय कंपनीचा, चालू आहे. बॅटरी दीड-दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होती, जरा फुगल्यासारखी वाटते. मी आजवर कधी काही उडवलेलं नाही, पतंगसुद्धा फिरकी धरण्यापुरता. हे दुरुस्त करून यावरच शिकता येईल का, की दुसरं घ्यावं? आणि उडवायचं कुठे? नवलखी आणि पोलो ग्राउंड जवळ पडतात पण सकाळी तिथे क्रिकेट आणि चालणारी माणसं. बजेट सगळं धरून ६०००, वर एक रुपया नाही.

रावपुरा_टर्बो · रात्री १०:१२
भाऊ ते हिरवं विसरा. सरळ १४०० मिमीचं वरच्या पंखाचं ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान घ्या, जायरोवालं (जायरो विमान आपोआप सावरतो), सोबत चांगला चार्जर आणि तीन बॅटऱ्या. मी घेतलं, सगळं मिळून २८ हजार पडले पण चार वर्षं झाली अजून उडतंय, लँडिंग तर असं की लोक थांबून बघतात. एकदाच खर्च करायचा ने.

अकोटा_४१ · रात्री १०:१५
६००० म्हटलंय हो.

रावपुरा_टर्बो · रात्री १०:१९
हो वाचलं. थोडं थांबून पैसे जमवा मग घ्या.

मांजलपूर_फोमवाला · रात्री ११:०३
आधी बॅटरीचं बोलू. फुगलेली लायपो (या विमानांची लिथियम बॅटरी) चार्जिंगला लावू नका म्हणजे नकाच, "एकदा लावून बघू" पण नाही. चांगली असली तरी तीन सेलची बॅटरी फुल म्हणजे १२.६ व्होल्ट, एक सेल ४.२ चा, आणि ठेवायची असेल तर सेलला ३.८ च्या आसपास. ३ च्या खाली गेलेला सेल परत धड होत नाही. ती ई-कचऱ्यात द्या, २२०० एमएएचची नवी घ्या, मला गेल्या वर्षी सतराशेला पडली.
विमानाचं म्हणाल तर दुरुस्त होईल, पण शिकायला नको. पंख खाली असलेलं विमान कलंडलं की आपणहून सरळ व्हायला बघत नाही, वरच्या पंखाचं बघतं. नवशिक्याचा हात उलटा जातोच, विशेषतः विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना, तेव्हा डावं-उजवं फिरतं. तुमच्या हिरव्यातली मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्वो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर काढा आणि ५ मिमीच्या सनबोर्डचं (फोमचा कडक बोर्ड) वरच्या पंखाचं घरी बनवा, बोर्ड आणि ग्लूस्टिक धरून चारशेच्या आत होतं. पडलं तर दुसरं कापा. माझी आत्तापर्यंत अकरा झाली.

कमाटीबाग_कट्टा · ३ डिसेंबर, सकाळी ७:४०
कुठेही उडवा फक्त विश्वामित्री नदीच्या बाजूला नको. माझं कमाटीबागेच्या पुलाजवळ वाऱ्याने वाहवलं आणि खाली काठावर चिखलात पडलं, धड होतं, एक चरा नाही. शेजारी मगर. म्हणजे हाताच्या अंतरावर, ऊन खात. दीड दिवस मी पुलावरून बघत बसलो, ती हलेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मगर गेली आणि विमानही गेलं. घरी कुणी विश्वास ठेवत नाही.

पोळवाला_पप्पू · सकाळी ८:०५
विमान मगरीने नेलं की पोरांनी?

कमाटीबाग_कट्टा · सकाळी ८:०७
तेच कळलं नाही ना.

प्रतापनगर_आजोबा · सकाळी ८:३०
आम्ही एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्सा लाकडाची विमानं केली, टिश्यू पेपर आणि डोप (कागद ताणून धरणारं वार्निश) लावून. दोन तारांना बांधलेलं विमान हातातल्या मुठीने गोल फिरवायचं, डिझेल इंजिन सुरू करताना बोटावर फटका बसायचा, तो खूण म्हणून मिरवायचो. आता सगळं तयार पाहिजे. मुलाला विकत देऊ नका, बनवायला लावा. आणि दहावी असेल तर मार्चनंतर.

अकोटा_४१ · सकाळी ८:४४
काका, मुलासाठी नाहीये. माझ्यासाठी आहे. आणि वर भाऊ म्हणणाऱ्यांना सांगते, मी ताई आहे. वय आयडीमध्येच लिहिलंय.

रावपुरा_टर्बो · सकाळी ८:५१
सॉरी ताई. तरी २८ हजारवालंच घ्या.

हरणी_नियमवाला · सकाळी ९:२०
कुठे हा मुद्दा सगळ्यांनी सोडलाय. बडोद्याचं विमानतळ हरणीला, म्हणजे जवळपास शहरातच, आणि मकरपुऱ्याला एअर फोर्स. ड्रोन नियम २०२१ वाचा. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा झोन, त्याच्या आत लाल-पिवळा, तिथे परवानगीशिवाय काहीच नाही. नवलखी, पोलो, अकोटा, सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशावर तुमचं ग्राउंड टाकून बघा, मग विचारा.

पोळवाला_पप्पू · सकाळी ९:२६
ते ड्रोनला आहे, हे विमान आहे.

हरणी_नियमवाला · सकाळी ९:३१
त्याच नियमांत मॉडेल विमानाची व्याख्या आहे, २५ किलोपर्यंत, करमणुकीसाठी किंवा शिकण्यासाठी, डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरात. म्हणजे विमानही त्यातच आलं.

पोळवाला_पप्पू · सकाळी ९:३३
२५० ग्रॅमच्या खाली सगळं माफ असतं, माझ्या मेव्हण्याने सांगितलंय.

हरणी_नियमवाला · सकाळी ९:४०
मेव्हण्याला सांगा, २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. २ किलोपर्यंतच्यालाही धंद्यासाठी नसेल तर लागत नाही. पण लाल झोन सगळ्यांना लाल. उत्तरायणात पतंग उडवतो म्हणून हेही चालतं असं नाही.

पोळवाला_पप्पू · सकाळी ९:४२
म्हणजे ज्या गावात एअर फोर्सचं सी-२९५ मालवाहू विमान बनतंय त्या गावात थर्माकोलचं उडवायला जागा नाही. वा.

सेव_उसळ_स्क्वॉड्रन · सकाळी १०:१५
सी-२९५ वरून आठवलं, एकूण ५६ मधली ४० इथे बनणार, माझा मित्र तिकडे

मांजलपूर_फोमवाला · सकाळी १०:१८
धागा ताईंचा आहे. सिंधरोटला जा, मही नदीच्या बाजूला. विमानतळापासून लांब पडतं, पिकं निघाल्यावर शेतं मोकळी असतात. शेतमालकाला विचारून, आणि गायी बघून. सकाळी साडेसहा ते आठ, नंतर वारा सुटतो.

गोत्री_फेविक्विक · दुपारी १:०२
दुरुस्तीबद्दल: फेविक्विक लावा, दोन मिनिटांत काम. मी सगळं त्यानेच चिकटवतो.

सयाजीगंज_सर्वो · दुपारी १:३०
असं काहीही सांगू नका!! माझ्या पंखाला लावलं तर पंख भोक पडून खाली आला, सिगारेटने जाळल्यासारखं.

गोत्री_फेविक्विक · दुपारी १:३३
माझं तर कधी नाही झालं.

मांजलपूर_फोमवाला · दुपारी २:१०
दोघंही बरोबर, फोम वेगवेगळा. टीव्हीच्या खोक्यातला चुरा होणारा पांढरा थर्माकोल साध्या फेविक्विकने विरघळतो. विकतच्या विमानांचा रबरासारखा ईपीओ सहसा टिकतो. बॅटरीखालच्या जागेत आतून एक थेंब टाकून पाच मिनिटं बघायचं, मग कळतं. चेपलेल्या नाकाला आधी उकळतं पाणी. मोटर, ईएससी, रिसीव्हर सगळं बाहेर काढून गॅस बंद करून नाक १०-१५ सेकंद पाण्यात बुडवा, दबलेले मणी परत फुगतात. रंग थोडा जाईल. मग जे उरेल ते चिकटवा. तडकलेल्या पंखात नुसता गोंद नको, खालून खाच मारून बांबूची काडी किंवा ३ मिमीचा कार्बन रॉड आडवा घाला, वर पॅकिंगची पारदर्शक टेप.

सयाजीगंज_सर्वो · दुपारी २:४०
फेविकॉल चालेल का, ग्लूगनपेक्षा हलका पडतो म्हणतात

मांजलपूर_फोमवाला · दुपारी २:५२
चालतो, पण फोम पाणी पीत नाही, आतल्या जोडात दोन-दोन दिवस ओलाच राहतो. ग्लूगन पटकन, पण मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलंत तर मऊ पडून मोटर हातात येते. आली आहे.

प्रतापनगर_आजोबा · दुपारी ४:००
पाण्यात विमान उकळायचं. काय दिवस आलेत.

वाडी_पेचबाज · रात्री ८:१५
डिसेंबरच्या मध्यापासून अगाश्यांवर पोरं सुरू होतात, १४ आणि १५ जानेवारीला तर आकाशात जागाच नाही. दोर एकदा मोटरच्या दांड्याला गुंडाळला की संपलं. माझ्या सोसायटीतल्या एकाचं विमान मीच कापलं, तो तीन महिने बोलत नव्हता, मी तर बरोबर पेच लावला होता. फेब्रुवारीत सुरू करा.

कमाटीबाग_कट्टा · रात्री ८:२२
आणि विश्वामित्रीपासून लांब.

सेव_उसळ_स्क्वॉड्रन · रात्री ८:४०
ताई आधी सिम्युलेटर. तुमचाच रिमोट यूएसबी वायरने कॉम्प्युटरला लावायचा, मोफत सिम्युलेटर मिळतात. दहा तास त्यात पाडा. मी पाडले नाहीत, सरळ नवलखीवर गेलो, एलिरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्ट्या) उलटे जोडलेले, उजवीकडे रिमोटची काठी दिली की डावीकडे जायचं, नऊ सेकंदांत एका काकांच्या स्कूटरवर. काका भले होते, सीट फाटली त्याचे साडेचारशे घेतले आणि चहा पाजला. तेव्हा उडवायच्या आधी मागे उभं राहून बघायचं: काठी उजवीकडे, तर उजवा एलिरॉन वर. रिमोट आधी चालू, बॅटरी नंतर. बंद करताना उलट. बॅटरी जोडलेली असताना मोटरच्या पंख्यासमोर (प्रोपेलर) हात नाही, दहा इंची पंखा बोट सोडत नाही. आणि चिरलेला पंखा चिकटवायचा नाही, ऐंशी रुपयांचा येतो, नवा लावा.

रावपुरा_टर्बो · रात्री ९:०५
जायरो असता तर स्कूटरवर गेलंच नसतं. कुठलंही घ्या, ते बाजारात दोन मोटरचं दोन चॅनलचं (रिमोटवरून दोनच गोष्टी हाताळता येणारं) हजार-दोन हजारवालं रमकडं, म्हणजे खेळणं मिळतं, तेवढं नको. ना शेपटीला हलणारं काही ना पंखाला. त्यावर काही शिकत नाही माणूस.

मांजलपूर_फोमवाला · रात्री ९:३०
इथे टर्बोशी सहमत, पहिल्यांदाच. जरा वारा आला की ते कागदासारखं जातं.

सयाजीगंज_सर्वो · रात्री ९:३४
+१, ते नको. सनबोर्डवालं बनवा. आणि बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका.

अकोटा_४१ · २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते, ओरडू नका.
हिरव्याचं नाक पाण्यात धरलं. खरंच फुगलं, मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. रंग गेला, आता नाक पांढरं आणि बाकी हिरवं आहे. पंखात काडी घातली, पंखाखाली पुढून साधारण पाव भागावर दोन बोटं ठेवून तोल बघितला, मागे झुकत होतं, तर नाकात वॉशर चिकटवले. आणि ते दिवाणखान्यात छताला टांगलंय. उडवणार नाही, निदान वर्षभर. फुगलेली बॅटरी ई-कचऱ्यात दिली.
आणि मी ते दोन चॅनलचं रमकडंच घेतलं. १८५० रुपये. कारण ते पडलं तर मला रडू येणार नाही. सिंधरोटला मावसबहिणीच्या सासरची शेती आहे, तिथे रविवारी सकाळी सात वाजता गेले. वारा नव्हता. पंधरा वेळा पडलं, सोळाव्या वेळी एक अख्खी फेरी मारून परत आलं आणि माझ्याच डोक्यावर उतरलं. बहिणीच्या सासूबाईंनी मागितलं, त्यांनी पहिल्याच फेकीत दोन फेऱ्या मारल्या. आता दर रविवारी आमचा नंबर लागतो, आधी त्या. अजून चार हजारांवर शिल्लक आहेत.

रावपुरा_टर्बो · संध्याकाळी ६:३१
चार हजार आहेत तर जायरो घ्या.

वाडी_पेचबाज · संध्याकाळी ६:४०
सांगतो, जानेवारीत कापणार.

मांजलपूर_फोमवाला · संध्याकाळी ७:०२
मागे झुकत होतं तर वॉशर बरोबर टाकलेत. सासूबाईंना सनबोर्डवालं बनवून देऊ का?

सयाजीगंज_सर्वो · संध्याकाळी ७:२०
ताई हिरव्यातले सर्वो टांगून वाया जातायत, चार आहेत ना, दीडशेला एक देता का? सयाजीगंजहून येऊन नेतो.

अकोटा_४१ · संध्याकाळी ७:२५
नाही.