डिस्कवर ८० जीबी मोकळी, पण मिंटचा इन्स्टॉलर तिला 'अनयुजेबल' म्हणतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज १० च्या जोडीला लिनक्स मिंट टाकायचंय आणि गाडी पार्टिशनपाशी अडली आहे.

लॅपटॉप २०११ चा, ४ जीबी रॅम, लॅपटॉप सुरू करणारं नवं फर्मवेअर यूईएफआय नाही, जुना बायोस. विंडोज ११ यावर बसणार नाही आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी विंडोज काढता येत नाही. बाबा लग्नपत्रिका करतात, त्यांच्या पंधरा-वीस वर्षांच्या फाइली पेजमेकर आणि श्रीलिपी या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. म्हणून इंटरनेटचं सगळं मिंटवर, आणि पत्रिका नेट बंद ठेवून विंडोजवर, असं ठरलंय.

डिस्क ५०० जीबीची, एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशनांची यादी ठेवायची जुनी पद्धत). क्रमाने सिस्टिम रिझर्व्हड १०० एमबी, सी १५० जीबी, डी ३०० जीबी, शेवटी लॅपटॉपसोबत आलेलं रिकव्हरी १५ जीबी. चारही प्रायमरी, म्हणजे थेट त्या यादीत नोंद असलेली. डी श्रिंक करून ८० जीबी मोकळी केली, पण मिंटमध्ये 'समथिंग एल्स' निवडल्यावर त्या जागेपुढे 'अनयुजेबल' येतं, नवीन पार्टिशन करूच देत नाही. कारण कळलंय: एमबीआरच्या ५१२ बाइट्सपैकी पार्टिशन टेबलाला ६४ मिळतात, एका नोंदीला १६ लागतात. चार नोंदी झाल्या की टेबल भरलं, मग जागा कितीही असो.

विंडोजमधूनच तिथे नवा व्हॉल्यूम करून पाहिला, तर डिस्क 'डायनॅमिक' होईल असा इशारा आला. 'नो' दाबलं. अशाच अडचणीत कुणी असेल तर कळकळीने सांगते, 'येस' दाबू नका. विंडोजच्या साधनांनी ती परत बेसिक करायची तर आधी सगळे व्हॉल्यूम पुसावे लागतात. एका मैत्रिणीने एमबीआर-टू-जीपीटी (डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं विंडोजचं साधन) सुचवलं, पण त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालतात आणि नंतर यूईएफआय लागतंच. ते बाद.

आता माझा कल रिकव्हरी उडवण्याकडे आहे. त्यात तसंही विंडोज ७ आहे. रीएजंटसी (विंडोजची दुरुस्तीची सोय कुठे आहे ते दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं, सध्याचं रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट पार्टिशन २ वर, म्हणजे सी वरच आहे. ॲक्टिव्ह फ्लॅग, म्हणजे बूट इथून करायचं ही खूण, सिस्टिम रिझर्व्हडवर आहे. मोकळी जागा डी आणि रिकव्हरीच्या मध्ये असल्याने ८० आणि १५ मिळून सलग ९५ जीबी होईल, डी हलवावं लागणार नाही. त्यावर एक एक्स्टेंडेड (टेबलातली एकच नोंद घेऊन आत अनेक पार्टिशनं ठेवणारं), आत लॉजिकल: रूट (मिंट स्वतः) ३०, स्वॅप (रॅमला जोड) ४, उरलेलं होम (आपल्या फाइली).

विचारायचं ते असं. डिस्क मॅनेजमेंट रिकव्हरीवर डिलीटचा पर्यायच देत नाही, तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनाने उडवलं तर चालेल ना, की विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडनेच करावं? आणि ग्रब (सुरुवातीला मिंट की विंडोज ते विचारणारा बूटलोडर) एसडीए वर, म्हणजे या डिस्कवर, टाकण्याआधी डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने पहिले ४४६ बाइट्स (एमबीआरमधला बूट कोड) वाचवून ठेवले, तर पुढे कधी मिंट काढल्यावर तेवढेच परत लिहून विंडोज पूर्वीसारखं सुरू होईल का?

फास्ट स्टार्टअप बंद केलंय. डी वरच्या ९० जीबीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि त्यातल्या काही पत्रिका उघडूनही पाहिल्या. सोमवारी दोन पत्रिका छपाईला जायच्या आहेत, त्यामुळे हे आधी कुणी केलेल्याने सांगितल्याशिवाय टेबलाला हात लावणार नाही.