डोंगराकडचे सायकलचे रस्ते : खान्देशवाल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

केळीबाग
भाच्याने परवा सायकल घेतली. घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न, "मामा, खेरोद्याहून पालपर्यंतचा चढ मला निघेल का?" तेव्हापासून तो रस्ता डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर सायकल म्हणजे केळीच्या ट्रकांशी झुंज. पण सावद्याहून खेरोद्याकडे वळलं की थोड्याच वेळात हॉर्न मागे पडतात. पहाटे केळीच्या बागांमधून जाताना पिंढऱ्यांना ओला गारवा लागतो. बाग संपली की हवा एकदम कोरडी. अंधारातसुद्धा कळायचं, कोणाची बाग कुठे संपली ते. पुढे सातपुड्याचा पायथा, साग सुरू, आणि मग घाट. घाट मोठा नाही पण वळणं भरपूर, पहाटे एखादी मोटरसायकल सोडली तर रस्ता आपलाच. वर पालला सुकी नदीकाठी बसायचं, गूळ-शेंगदाणे खायचे. डिसेंबरात उतरताना बोटं इतकी बधिर व्हायची की ब्रेक दाबलाय का नाही ते बघावं लागे.

तुमच्याकडचे असे रस्ते लिहा. गाड्या कमी, चढ थोडा तरी हवा. पाणी कुठे मिळतं तेही सांगा.

यावलची_सून
पालचं नाव काढलं आणि भरीत नाही? बामणोदची वांगी आली की आमच्याकडे तुराट्यांवर भाजणं सुरू होतं. सायकलवाल्यांनी हिवाळ्यात यावं, कळण्याची भाकरी मी करते.

केळीबाग
वहिनी, शब्द दिलाय तुम्ही. भाच्याला घेऊन येतो.

शहाद्याची_मॅडम
तोरणमाळ अजून कोणी लिहिलं नाही?

शहादा, म्हसावद, राणीपूर, मग वर. साधारण पन्नास किमी, आणि चढ जवळपास हजार मीटरचा, त्यातला बहुतेक राणीपूरच्या पुढे. म्हसावदपर्यंत पपई, केळी, ऊस, सगळं सपाट. गाळपाच्या दिवसांत उजाडल्याशिवाय निघू नका. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. राणीपूरला सगळ्या बाटल्या भरून घ्या. सातपायरी घाटात खालून मान वर केली की रस्त्याच्या पट्ट्या एकावर एक दिसतात. तेव्हा वर बघायचंच नाही, समोरचा दगड गाठायचा, मग पुढचा. वर यशवंत तलावाच्या काठी पोचलं की सगळं वसूल. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र सायकल नको, जीपगाड्यांची रांग लागते.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. आमच्या शाळेतल्या मुलींना मानव विकासच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या, सायकली मिळाल्यात. पाड्यावरून शाळेत रोज त्यावरच. एकीचा आणि माझा रस्ता बराच वेळ एकच असतो. तिच्या सायकलला गिअर नाही, चेनकव्हर खडखडतं, कॅरिअरला दप्तर सुतळीने बांधलेलं. चढ आला की ती सीटवरून उठते, उभ्यानेच पेडल मारत पुढे जाते आणि टेकाडावर एक पाय टेकवून माझी वाट बघत थांबते. "मॅडम, पाणी?" असं तीच मला विचारते. सायकल आल्यापासून तिची गैरहजेरी जवळजवळ बंद झालीय. आठवीनंतर ज्या मुली घरी बसायच्या त्यातल्या कितीतरी आता दहावीला बसतात, हे मी डोळ्यांनी बघतेय.

भुसावळ_जंक्शन
मॅडम, हे वाचून भरून आलं. त्या पोरीला आमचा नमस्कार सांगा.

केळीबाग
+१. तिच्या सायकलला टायर-ट्यूब काही लागलं तर हक्काने कळवा.

पाटणकर_चाळीसगाव
आमच्याकडे या. चाळीसगाव ते पाटणादेवी अठरा किमी, जवळपास सपाट, शेवटी शेवटी सातमाळ्याच्या कुशीत शिरतो रस्ता. कन्नड घाटात सायकल नेऊ नका, तिथे गाड्यांची वर्दळ. ज्यांना चढ हवा त्यांनी सायकल मंदिरापाशी लावून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे पायी जावं.

हे पाटण म्हणजे भास्कराचार्यांचं गाव मानतात. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याचा शिलालेख इथेच सापडला. यादवांच्या काळातली गोष्ट. एवढं मोठं गणित जिथे शिकवलं गेलं, त्या रस्त्यावर सकाळी आपण आणि शेळ्याच असतो. एक आजी नेहमी ओट्यावर असतात. "कथा चालना रे भाऊ इतला सकायमां?" (अहिराणीत, कुठे चाललास रे भाऊ इतक्या सकाळी?) उत्तर द्यायला थांबलं की चहा झाल्याशिवाय सुटका नाही.

पुण्यातला_खान्देशी
कथा चालना रे भाऊ... ऑफिसच्या बसमध्ये वाचलं आणि दोन स्टॉप काहीच सुचलं नाही. आईला फोन लावतो.

जिभाऊ_साक्री
राम राम मंडळी. आमच्याकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या उगाच नाहीत. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा. धुळ्याहून साक्रीकडे निघालात तर सपाटीवरही घाटाचा दम लागतो, येताना मात्र कोणी पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखं. म्हणून पावसाळ्यात आधी पश्चिमेला जा, दमलेले पाय परतीला वाऱ्यावर सोडा. आमळीकडचा रस्ता श्रावणात बघावा. आलालदरीचा धबधबाही तिकडेच. कार्तिकीला कन्हैयालाल महाराजांची यात्रा असते, तेव्हा गर्दी.

नवीन_रायडर_जळगाव
सगळं छान, पण सराट्यांचं काय? दर वेळी पंक्चर. 😭

जिभाऊ_साक्री
रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरूच नको. गाडी आली तरी डांबरावरच थांब. कुंपणाला बाभळीच्या फांद्या तोडून नेतात, त्या दिवसांत काटे सगळीकडे सांडलेले असतात. ट्यूब बदलताना टायर आतून बोटाने चाचपायचा, सावकाश, पूर्ण गोल. काट्याचं टोक रबरात अडकून राहतं आणि नवी ट्यूबही लगेच जाते.

नवीन_रायडर_जळगाव
हेच होत होतं माझं!! धन्यवाद जिभाऊ 🙏

भुसावळ_जंक्शन
आणि एप्रिल-मे मध्ये कोणी शौर्य करू नका. पारा पंचेचाळीसला टेकतो, नऊनंतर डांबराची धग चेहऱ्याला लागते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मित्राला रस्त्याकडेच्या शेतकऱ्याने मोटारीच्या पाण्याखाली बसवलं म्हणून तो वाचला.

अक्का_एरंडोल
बाईमाणसाने एकटीने जाण्यासारखा रस्ता सांगा. वय पन्नासच्या पुढे, गुडघे बरे आहेत.

शहाद्याची_मॅडम
अक्का, तुमच्या दारातच पद्मालय आहे ना! अंतर बेताचं, झाडी आहे, छोटा चढ आहे, आणि वर दोन स्वयंभू गणपती आणि कमळांचं तळं. अंगारकी सोडून कधीही जा. पुजारी, फुलवाले, कोणी ना कोणी सकाळपासून असतंच.

अक्का_एरंडोल
तिथे गाडीने कितीदा गेले, सायकलचं डोक्यातच आलं नाही. सूनबाईला तयार करते.

यावलची_सून
अक्का, सूनबाईंना आधी आमच्याकडे पाठवा, भरीत खाल्लं की त्या कुठेही येतील.

तापीकाठ
तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला कोणी सायकलवर गेलंय का? जानेवारीत जायचा विचार आहे.

शहाद्याची_मॅडम
पावसाळ्यात दरडी येतात तिथे, जानेवारी उत्तम. चढ उभा आहे, छोटा गिअर हवाच. खाणं-पाणी तळोद्यातूनच घ्या. धडगावला आमचूर मिळेल, घरच्यांसाठी आणा. तारीख ठरली की लिहा, मीही येते.