जुन्या छोट्या गाडीचं फुल इंजिन करावं का नाही?

तीनसिलेंडर
गाडी जुनी आहे, ८०० सीसी, तीन सिलेंडर, कार्ब्युरेटरवाली. मीटर १,४०,००० ला अडकून बसलंय त्यामुळे खरी किती चाललीय देव जाणे. सकाळी पहिला स्टार्ट मारला की मागून निळा धूर येतो, पाच-दहा सेकंद, मग साफ. चालवताना आरशात काही दिसत नाही. पण ऑइल खाते, दर १२०० किमीला लिटरभर टाकावं लागतं, आयडलला लंगडते आणि जो चढ तिसऱ्यात जायची तिथे आता दुसरा मागते. एका मेस्त्रीने ऑइलच्या झाकणावर हात ठेवून पाच सेकंदात सांगितलं की बोअर-पिस्टन (सिलेंडरचं भोक आणि त्यातला दट्ट्या) गेले, फुल इंजिन करा, म्हणजे पूर्ण उघडून नवं बांधा. दुसरा म्हणतो नुसत्या पिस्टनच्या रिंगा टाकू, तिसरा म्हणतो विकून मोकळे व्हा. मला गाडी ठेवायचीय, पण इंजिन उघडून बसलो आणि नको तिथे खर्च झाला असं नको. कुणी केलंय का हे?

ग्रीसचे_हात
झाकणावर हात ठेवून बोअर मोजता आला असता तर गेज कशाला बनवले असते. आधी धूर कधी येतो ते बघ. रात्रभर उभी राहून सकाळी भपकारा येऊन साफ होत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे रबर) कडक झालेत, वरचं ऑइल रात्री हळूहळू खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. लांब उतारावर पाय काढून गिअरमध्ये उतरल्यावर परत अॅक्सिलरेटर देताच धूर आला तरी संशय सील आणि गाईडवरच (दांडा ज्यात सरकतो ती नळी). रिंगा गेलेली गाडी लोड दिला की धूर मारत राहते, गरम झाल्यावर पण, आणि तुझी तशी मारत नाहीये.

आता कॉम्प्रेशन घे, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये किती दाब बनतो ते गेजने मोज. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची लीड काढलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली, आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मार. १५० च्या वर पीएसआय आणि तिघांमध्ये १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर खालच्या भागाला (पिस्टन, रिंगा, क्रँक) हात लावू नको. जो कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत घे. आकडा चांगला वर गेला तर रिंगा, ढिम्म हलला नाही तर व्हॉल्व्ह, आणि शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेडखालचं गॅस्केट.

जुनं_ते_लोखंड
नुसत्या रिंगा टाकायच्या भानगडीत पडू नकोस रे. मी पडलो होतो. बोअर आतून आरशासारखा गुळगुळीत झालेला, होनिंग (बोअर आतून घासून तिरक्या रेघा पाडणं) न करता तशाच नव्या रिंगा घातल्या आणि २००० किमी झाले तरी रिंगा बसायचं नावच नाही, ऑइल आधीपेक्षा जास्त प्यायला लागली. त्या तिरक्या रेघा असल्याशिवाय नवी रिंग घासून बसत नाही हे मला दुसऱ्यांदा इंजिन उतरवल्यावर समजलं. मग बोअर मोजला तर ओव्हल झालेला, शेवटी ०.५० मिमी मोठे, ओव्हरसाइज पिस्टन टाकले. म्हणजे एकाच कामाची मजुरी दोनदा.

गंजका_पत्रा
इंजिनाआधी गाडीखाली झोप. खरंच, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन. पुढचा सस्पेन्शन जिथे बोल्ट होतो तो भाग, जॅक लावायची कड, फ्लोअर, सगळीकडे टोचून बघ. इंजिन कधीही होतं, पण सस्पेन्शनच्या मुळाशी पत्रा सडला असेल तर नवीन इंजिन घालून काय करणार. माझ्या गाडीचं मी इंजिन झकास करून घेतलं आणि वर्षाच्या आत पुढचा उजवा माउंट फाटला 🙂 इंजिन अजून ताडपत्रीखाली पडलंय, घेता का कुणी.

तीनसिलेंडर
खाली झोपलो. वरवर गंज आहे पण स्क्रूड्रायव्हर कुठे आत गेला नाही, मागचा बंपर सोडून.

कॉम्प्रेशन: १६०, ११५, १५५. ऑइल टाकून: १७०, ११८, १६५. दोन नंबरचा प्लग ओला आणि काळा, बाकी दोन तपकिरी. म्हणजे मधला गेला असं समजू का?

ग्रीसचे_हात
मधल्याचा व्हॉल्व्ह लीक आहे, ११५ चे ११८ म्हणजे काहीच वाढलं नाही. आणि ओला प्लग म्हणजे त्याच सिलेंडरचं सील पण गेलं असणार. पण हेडला (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्हवाला भाग) पाना लावायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप बघ, इंजिन थंड असताना. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये (ज्या कडेवर तो मिटतो ती) हळूहळू खाली बसत जातो, मग गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळायला लागतो. आवाज करणारा टॅपेट सगळ्यांना ऐकू येतो, हा गॅप संपलेला गपचूप मारतो.

पुलीपट्टा
थोडा विरोध करतो. वर नवं हेड आणि खाली १,४०,००० चाललेलं जुनं, मग कॉम्प्रेशन वाढलं की खालच्या रिंगांवर लोड येतो आणि सहा महिन्यांत ती धूर मारायला लागते असं गॅरेजमध्ये सगळेच सांगतात. एकदाच उतरवायचं तर सगळं करून टाका ना.

ग्रीसचे_हात
सांगतात खरं, पण त्याचे बाकीचे दोन सिलेंडर आत्ताच १५५-१६० वर चाललेत की, त्यांच्या रिंगा कुठे मेल्या. मधला त्यांच्या बरोबरीला येईल एवढंच. हां, खालून लोडवर टकटक येत असती किंवा गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकत असता तर मी पण म्हटलं असतं की क्रँक काढ, बेअरिंग बघ. तसं काही आहे का? नसेल तर फक्त हेड उतरव. हेड निघालं की बोअर समोरच दिसतो, पिस्टन खाली ने आणि वरच्या कडेजवळ नख फिरव. नख ठणकन अडकलं तर पुढे जा, गेज लावून मोज. नाही अडकलं तर संप (खालची ऑइलची टाकी) उघडायचा मोह आवर.

तीनसिलेंडर
टकटक नाही, दिवा पण नाही. टॅपेटचं बरोबर निघालं, दोन नंबरच्या एक्झॉस्टमध्ये गॅप मोजायची ०.०५ मिमीची पात पण जाईना. गॅप सेट करून दोन दिवस चालवली, ११५ चे १२८ झाले पण पुढे नाही, म्हणून काल हेड काढलं.

व्हॉल्व्हच्या कडेला कुणी दाताने चावल्यासारखी खाच आहे, करंगळीच्या नखाएवढी. सील हातात घेतलं तर प्लास्टिकसारखं कडक, वाकवलं तर तुटलंच. बोअरमध्ये तिरक्या रेघा अजून दिसतात, नख किंचित लागतं पण अडकत नाही. खाली हात लावत नाहीये. हेड लेथवाल्याकडे दिलंय, सीट कटिंग, सगळे सील, दोन व्हॉल्व्ह, आणि पट्टी लावून फेस सरळ आहे का ते बघायला सांगितलंय, ०.०५ मिमीच्या वर वाकडं असेल तरच घासा म्हटलं.

टायमिंग बेल्ट तसा बरा दिसतोय, तोच परत घालू का?

ग्रीसचे_हात
नको. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप, तिन्ही नवे. आणि ५०० किमी झाले की टॅपेट परत बघ, नवी सीट थोडी बसते.