बॉब बॅकलंड कोण? विसरलेल्या कमबॅक्सवर जरा भांडूया

जुनं_ट्रम्पकार्ड :

काल पुतण्याने विचारलं, काका तुमच्या मते रेसलिंगमधलं सगळ्यात भारी कमबॅक कुणाचं? त्याला वाटलं मी एज म्हणीन, २०२० ची रॉयल रंबल (तीस जण एकेक करून रिंगमध्ये उतरतात ती मॅच), नाहीतर गोल्डबर्ग. मी म्हटलं बॉब बॅकलंड. तो म्हणाला, कोण? आणि मोबाईलमध्ये शोधायला लागला. तिथेच माझं डोकं सटकलं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बॅकलंड म्हणजे १९७८ ते ८३ असा जवळजवळ सहा वर्षं डब्ल्यूडब्ल्यूएफचा, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा, चॅम्पियन. दिसायला एकदम शाळेतले पीटीचे सर. २६ डिसेंबर १९८३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयर्न शेखने त्याला कॅमल क्लचमध्ये (पाठीवर बसून मान मागे खेचायची पकड) धरला, हा काही हरलो म्हणाला नाही पण मॅनेजर आर्नोल्ड स्कालंडने टॉवेल टाकला आणि खेळ खल्लास. महिन्याभरात हल्क होगनने शेखला पाडलं, हल्कमेनिया सुरू झाला आणि बॅकलंडला लोक विसरूनच गेले.

१९९२ ला परत आला तेव्हाही कुणाला काही पडलेली नव्हती. ९३ च्या रंबलमध्ये दुसऱ्या नंबरला रिंगमध्ये उतरून ६१ मिनिटं टिकला, वय ४३! तरी रेसलमेनियात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, रेझर रॅमोनने त्याला चार मिनिटांत गुंडाळला. मग आला जुलै ९४. ब्रेट हार्टकडून हरला, ब्रेट हात मिळवायला पुढे आला, आणि या सज्जन माणसाने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली आणि क्रॉसफेस चिकनविंग लावला. म्हणजे समोरच्याचा एक हात पाठीमागे पिरगाळून वर न्यायचा आणि आपला दुसरा हात त्याच्या तोंडावरून घालून आवळायचं. सोडवल्यावर बॅकलंड काय करतो तर स्वतःच्या दोन्ही हातांकडे डोळे फाडून बघत बसतो, जणू हे हात माझे नाहीतच, हे कुणी केलं? मी ते किती वेळा बघितलंय सांगता येणार नाही. आजकाल अर्धा तास माईक घेऊन बडबडतात, पण ते दहा सेकंद कुणाला जमत नाहीत.

आणि सर्व्हायव्हर सिरीज ९४. नियम असा की तुमच्या कॉर्नरमधल्या माणसाने टॉवेल टाकला की तुम्ही हरलात. म्हणजे ११ वर्षांपूर्वी त्याचा बेल्ट ज्या टॉवेलने गेला तोच टॉवेल. ब्रेट चिकनविंगमध्ये अडकलेला, त्याचा मेहुणा डेव्ही बॉय बेशुद्ध, आणि समोरच्या कॉर्नरमधला सख्खा भाऊ ओवेन रडत रडत आईवडिलांना विनवतोय की दादा मरेल, टाका टॉवेल. बाप स्टू हार्ट ढिम्म. शेवटी आई हेलनने टाकला. ओवेन लगेच डोळे पुसून हसत पळाला आणि ४५ वर्षांचा बॅकलंड परत चॅम्पियन. यापेक्षा भारी कमबॅक दाखवा.

थ्री_काउंट :

दाखवतो की. पण आधी तुम्ही सोयीस्करपणे गाळलेलं सांगतो. सर्व्हायव्हर सिरीज २३ नोव्हेंबरला, आणि २६ नोव्हेंबरला, तो ८३ ला हरला होता त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डीझेलने त्याला आठ सेकंदांत हरवला. आठ! पोटात लाथ, पॉवरबॉम्ब, वन टू थ्री. कंपनीला बेल्ट ब्रेटकडून काढून डीझेलला द्यायचा होता, मधे तीन दिवस सांभाळायला कुणीतरी हवा होता. याला कमबॅक नाही म्हणत, याला वॉचमन म्हणतात. लोक विसरले कारण विसरण्यासारखंच होतं.

जुनं_ट्रम्पकार्ड :

आठ सेकंद गाळले नव्हते, तुम्ही येणार हे माहीत होतं 😀 बाकी वॉचमन म्हणा काही म्हणा, चार महिने त्या माणसाने अख्खा शो डोक्यावर घेतला होता. बो टाय, सस्पेंडर्स, मला मिस्टर बॅकलंड म्हणा. सही मागायला कुणी आलं तर म्हणायचा आधी अमेरिकेचे सगळे प्रेसिडेंट क्रमाने म्हणून दाखव. हा सगळा वेडेपणा एरवी सरळ नाकासमोर चालणाऱ्या माणसाने केला म्हणून चालला.

आखाड्यातली_माती :

सकाळपासून वाचतोय आणि हसतोय. अहो मंडळी, नुरा कुस्तीत कसलं आलंय कमबॅक? निकाल आधी ठरलेला, बेल्ट कुणाला द्यायचा ते ऑफिसात ठरलेलं, मग म्हातारा जिंकला काय आणि पोरगा जिंकला काय. आमच्याकडं कोल्हापुरात पंचेचाळिशीचा पैलवान मैदानात उतरला तर लोक आदरानं हात जोडतील, फेटा बांधतील, पण जोड कोण लावणार नाही त्याच्याशी. आमचे आजोबा वस्ताद होते, ३४ व्या वर्षी गुडघा गेला तसं लांग सोडली ती सोडलीच. पोरांना घडवलं, पण परत येतो म्हणाले नाहीत. खरा खेळ माणसाला एकदाच म्हातारा करतो भावा. तुमच्या त्या नाटकात प्रत्येक रेसलमेनियाला नवीन तारुण्य.

जुनं_ट्रम्पकार्ड :

ठरलेलं असतं हे मला आठवीतच कळलं होतं, घरातल्यांनी टोमणे मारून मारून कळवलं होतं. पण बॅकलंड खरा पैलवान होता हो. कॉलेजात १९७१ चा एनसीएए डिव्हिजन टू चॅम्पियन, शाळेच्या नाटकातून उचलून आणलेला नाही. आणि निकाल ठरला तरी ६१ मिनिटं ४३ वर्षांच्या फुफ्फुसांनीच काढायची असतात, तिथे स्क्रिप्ट श्वास घेत नाही तुमच्यासाठी.

थ्री_काउंट :

माझं राहिलं. जेक द स्नेक रॉबर्ट्स, १९९६. खरं विसरलेलं कमबॅक हे. अजगर घेऊन यायचा तो, डीडीटी (समोरच्याची मान काखेत धरून त्याला डोक्यावर आपटायचा डाव) ज्याने घराघरात पोचवला तो. ९२ ला गेला, दारूने पार वाट लागली, ९६ च्या रंबलमध्ये परत आला तो बायबल सांगत. पोट सुटलेलं, वेग गेलेला, पण लोक उभे राहायचे कारण माणूस खरंच सावरतोय असं वाटायचं. जूनमध्ये किंग ऑफ द रिंग स्पर्धेच्या फायनलला पोचला, सेमीफायनलला व्हेडरसारखा डोंगर, बरगड्यांना पट्ट्या बांधलेल्या. आणि फायनलला समोर स्टीव्ह ऑस्टिन, ओठाला नुकतेच टाके घालून आलेला. पाच मिनिटांच्या आत खलास. वर ऑस्टिनने सिंहासनासमोर उभं राहून त्याच्या बायबलचीच टर उडवली, बायबलातल्या योहान ३:१६ वरून ऑस्टिन ३:१६ हे वाक्य तिथेच जन्माला आलं. टी-शर्ट किती खपले ते सगळ्यांना माहिती. पण ते वाक्य कुणाच्या पराभवावर उभं आहे ते विचारा, दहातले नऊ जण गप्प.

तुमचा बॅकलंड तीन दिवस का होईना जिंकला तरी. जेकच्या कमबॅकवरून सगळी गाडी गेली आणि नंबरप्लेटसुद्धा कुणाला दिसली नाही.

कल्याण_स्लो :

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माझं मत बॅकलंडला नाही, जेकलाही नाही. रॉडी पायपर आणि रिक फ्लेअर, २००६ ची सायबर संडे. फ्लेअरचा पार्टनर लोकांनी निवडायचा होता, डस्टी ऱ्होड्स, सार्जंट स्लॉटर आणि पायपर. लोकांनी पायपर दिला, दोघांनी स्पिरिट स्क्वॉडच्या पोरांना हरवून टॅग, म्हणजे जोडीचं, टायटल घेतलं. मग लगेच इंग्लंड दौऱ्यावर बेल्ट गेला, पायपरला कॅन्सर निघाला आणि विषयच संपला. आठवतं का कुणाला? नाही ना. मग जिंकलो मी.

अवांतर: लहानपणी खेळायचो त्या रेसलरांच्या ट्रम्प कार्डांमध्ये रँक लावणाऱ्याला कुणी पाहिलंय का? कुणाची छाती किती इंच हे कोण मोजायला गेलं होतं हा प्रश्न मला अजून पडतो.

नाही_पटलं :

सगळे गळे काढतायत म्हणून उलट बाजू मांडतो. म्हाताऱ्यांची कमबॅक्स विसरलेलीच बरी, आणि काही तर मुद्दाम विसरावीत. २०१८ चा क्राऊन ज्युएल आठवा. शॉन मायकल्सने २०१० ला अंडरटेकरशी शेवटची मॅच खेळून काय सुंदर निरोप घेतला होता, आठ वर्षांनी सौदीत परत आला, ट्रिपल एचचा छातीचा स्नायू मॅच चालू असताना फाटला, केनचा मुखवटा निसटला, लोक घरी बसून तोंड लपवत होते. पुढच्या वर्षी जेद्दाहमध्ये गोल्डबर्ग आणि अंडरटेकर. गोल्डबर्गच्या डोक्याला मार लागला होता आणि जॅकहॅमर मारताना अंडरटेकर डोक्यावर आपटला. थोडक्यात वाचला माणूस.

नॉस्टॅल्जिया म्हणून बघणारे आपण, मान कुणाची मोडते? जेरी लॉलर ६२ व्या वर्षी मॅच खेळला, २०१२, मॉन्ट्रियल, आणि नंतर कॉमेंटरीच्या टेबलावरच हार्ट अटॅक. शेजारचा कॉमेंटेटर मायकल कोल बोलता बोलता थांबला तो एपिसोड मी बघितलाय, परत बघणार नाही. शिवाय पोरांचं नुकसान वेगळंच. ब्रे वायटचं फीन्ड हे भुतासारखं पात्र किती महिने मेहनतीने उभं केलं होतं, फेब्रुवारी २०२० ला रियाधमध्ये ५३ वर्षांच्या गोल्डबर्गने तीन मिनिटांत त्याचा चुराडा केला.

शांत_रेफरी :

गोल्डबर्गबद्दल शंभर टक्के सहमत पण त्याच्या पापाची शिक्षा सगळ्यांना का? रिकी स्टीमबोट बघा. पाठीच्या दुखापतीने १९९४ ला थांबला होता. १५ वर्षांनी रेसलमेनिया २५, जेरिको विरुद्ध तीन म्हातारे, स्नुका, पायपर, स्टीमबोट. सगळ्यांना वाटलं गंमत आहे. स्नुका गेला, पायपर गेला, आणि मग ५६ वर्षांच्या स्टीमबोटने आर्म ड्रॅग सुरू केले. ज्यांनी ८७ ची सॅव्हेजबरोबरची मॅच पाहिली असेल त्यांना कळेल मी काय म्हणतोय. हात धरतो, स्वतः खाली जातो आणि समोरचा हवेतून असा गोल फिरून पडतो की वाटतं त्याने स्वतःहून उडी मारली. टॉप रोपवरून क्रॉसबॉडी, म्हणजे अंगावर आडवी झेपसुद्धा मारली. अख्खं स्टेडियम ओरडायला लागलं, तुझ्यात अजून आहे म्हणून. हरला, तीन आठवड्यांनी बॅकलॅश नावाच्या शोमध्ये एकट्याने खेळून परत जेरिकोकडूनच हरला. कुणाचा बेल्ट नाही घेतला, कुणाची जागा नाही अडवली, उलट जेरिको मोठा होऊन गेला.

आणि तरी लोकांना त्या रात्रीचं फक्त शॉन आणि अंडरटेकर आठवतं. तो दोष कुणाचाच नाही म्हणा, ती मॅचच तशी होती.

नाही_पटलं :

आणि पुढच्याच वर्षी त्याच स्टीमबोटला नेक्सस या टोळीतल्या पोरांकडून मार खाताना दाखवलं, आणि त्यानंतर मेंदूतल्या रक्तस्रावामुळे हॉस्पिटलात होता. तेही लिहा ना.

शांत_रेफरी :

बरोबर, ते लिहायला हवं होतं. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

मंगळागौर_स्पेशल :

एवढा मोठा धागा आणि एकही बाई नाही, वा. लिटा, फेब्रुवारी २०२३, बेकी लिंचबरोबर टॅग चॅम्पियन, वय ४७. २००६ ला निवृत्त झाली तेव्हा तिचा निरोप म्हणजे तिच्या वस्तूंचा लिलाव करून केलेली टिंगल होती. १७ वर्षांनी परत येऊन बेल्ट घेतला आणि दीड महिन्यात ट्रिश स्ट्रॅटसच्या भांडणात गोष्ट गुंडाळून टाकली. विसरलेलं हवंय ना तुम्हाला? हे दोन-तीन वर्षांतच विसरलात, बॅकलंडला निदान तीस लागली.

ओसाकातला_मुंबईकर :

इथे जपानमध्ये कमबॅक म्हणजे टेरी फंक. १९८३ ला रडत रडत निवृत्त झाला, लोकही रडले, आणि वर्षभरात परत हजर. त्यानंतर इतक्या वेळा निवृत्त झाला की त्यावर विनोद होते. पण १९९७ ला ५२ व्या वर्षी ईसीडब्ल्यू या छोट्या कंपनीच्या पहिल्या पे-पर-व्ह्यूमध्ये (पैसे भरून टीव्हीवर बघायचा शो) रेव्हनला हरवून चॅम्पियन झाला ते खोटं वाटत नाही बघताना, छोटा हॉल, रक्ताने भरलेलं तोंड आणि रडणारे दाढीवाले पुरुष.

आणि आखाड्यातली_माती यांच्यासाठी खास. लू थेझ, खरा पकडीचा पैलवान. १९६३ ला ४६ व्या वर्षी बडी रॉजर्सला हरवून परत एनडब्ल्यूए या जुन्या रेसलिंग संघटनेचा चॅम्पियन झाला आणि पुढे तीन वर्षं राहिला. याच थेझला १९६८ मध्ये आपल्या मुंबईत दारा सिंगने हरवलं, तेव्हा थेझ ५२ चा. त्याची शेवटची मॅच १९९० ला इथे जपानमध्ये, वय ७४. आता याला काय म्हणणार?

आखाड्यातली_माती :

दारा सिंगचं नाव काढलं की आम्हाला गप्प बसावं लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे, हा फाऊल आहे 😀

असो. काल रात्री तो बॅकलंडचा व्हिडिओ आजोबांना दाखवला, ८१ वय आहे, चष्मा लावून मोबाईल नाकाशी धरून बघत होते. मला वाटलं शिव्या घालतील. ब्रेटचा हात मागं वर गेला तसं म्हणाले थांब, परत लाव. तीन वेळा बघितलं. म्हणाले पकड खरी आहे रे, हात अजून दोन बोटं वर घेतला तर खांदा निखळंल, हा माणूस तिथंच थांबतोय बघ, बरोबर तिथंच. मी म्हटलं आजोबा हे सगळं खोटं असतंय. ते म्हणाले असू दे, वय काय त्याचं? ४५ म्हटल्यावर जरा वेळ गप्प बसले आणि मग आपल्याच गुडघ्यावर हात फिरवत विचारलं, खातो काय हा?

मी नुरा कुस्तीच म्हणणार अजून. पण कुणाला माहीत असलं तर सांगा, म्हातारं सकाळपासून दोनदा विचारून गेलंय.