बनच्या पाकिटावर 'सोडियम ६ टक्के', म्हणजे बीपी असलेल्या माणसाला चालेल का?

डोंबिवलीकरीण

आमचे सासरे, अण्णा, ७८ वर्षांचे. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ. तेव्हापासून पापड-लोणचं बंद. आमटी-भाजी त्यांच्यापुरती आधी काढून ठेवते आणि मग आमच्यात मीठ घालते. तरी बीपी हटत नाही, म्हणून त्यांचं दिवसभराचं खाणं चार दिवस वहीत लिहिलं आणि बनपाशी अडकले.

सकाळच्या चहाबरोबर दोन, संध्याकाळी दोन. परळच्या गिरणीत होते तेव्हा पाळीवर जाण्याआधी इराण्याकडे चहात बुडवून बन खायचे. ८२ च्या संपात गिरणी सुटली, बन सुटला नाही. आता कवळी आहे, कडक चावत नाही. सासूबाई गेल्यापासून संध्याकाळी गॅलरीत बसून चहा-बन एवढीच त्यांची हौस उरली आहे. 'बंद करा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून आधी नीट समजून घ्यायचंय.

पाकिटात ४ बन, वजन २०० ग्रॅम. मागे १०० ग्रॅमला असं दिलंय: ऊर्जा २७० किलोकॅलरी, प्रथिने ८.२ ग्रॅम, कर्बोदके ५२, एकूण साखर ८.५ (त्यातली वरून घातलेली ७), स्निग्ध ३.२, सोडियम ४६० मिलिग्रॅम. बाजूच्या टक्क्यांच्या रकान्यात सोडियमपुढे ६. घटकांत मैदा, साखर, यीस्ट, तेल, मीठ, ग्लूटेन आणि २८२, ४७१, ४८१ असे आकडे.

६ टक्के म्हणजे कमीच ना? बन तर गोड लागतो, मग एवढं सोडियम येतं कुठून? त्या आकड्यांतून? आणि कोपऱ्यावरच्या बेकरीची लादी आणली तर बरी पडेल का?

आहारतज्ज्ञ_नाशिक

ताई, ते ६ टक्के कशाचे, ते आधी पाहा. पाकिटावर बारीक अक्षरात 'सर्व्हिंग साइज' असेल. मी उलटं गणित केलं. टक्केवारी दिवसाच्या २००० मिलिग्रॅम सोडियमवर काढतात. २००० चे ६ टक्के म्हणजे १२० च्या आसपास. तुमच्या बनमध्ये १०० ग्रॅमला ४६०, म्हणजे २५ ग्रॅमला ११५. याचा अर्थ सर्व्हिंग २५ ग्रॅमचं धरलंय, अर्धा बन!

अण्णा चार बन खातात, म्हणजे पूर्ण पाकीट. सोडियम ९२० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं: २३०० मिलिग्रॅम, म्हणजे २.३ ग्रॅम. पाच ग्रॅमच्या वाट्यातलं जवळजवळ अर्धं मीठ चहाबरोबरच संपतं. तुम्ही आमटी अळणी करताय ते योग्यच आहे, पण गळती दुसरीकडून आहे.

साखरही मोजा. २०० ग्रॅमला वरून घातलेली १४ ग्रॅम, साधारण तीन चमचे, चहातली वेगळी. प्रथिने मात्र १६ ग्रॅम मिळतात, ती या वयात लागतात. बन कमी केलात तर त्यांची भरपाई दूध, दही, मुगाच्या वरणाने करा. नुसतं काढून घेऊ नका.

आणखी एक. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. बीपीच्या काही गोळ्या चालू असताना किंवा मूत्रपिंड कमजोर असताना ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

भट्टीवाला

तीस वर्षं बेकरीत काढली, म्हणून लिहितो. सोडियम त्या आकड्यांतून येत नाही, मिठातून येतं. ४८१ मध्ये सोडियम असतं, पण चिमूटभर. ते आणि ४७१ पाव मऊ राहावा म्हणून. २८२ बुरशी लागू नये म्हणून, ते कॅल्शियमचं. लोक आकडे बघून घाबरतात आणि मीठ वाचायचं राहून जातं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, मीठ पाचवं आहे म्हणून लक्ष जात नाही.

आमचा हिशेब किलोमागे असायचा. १ किलो मैद्याला १८ ते २० ग्रॅम मीठ. कमी करून बघितलंय मी. पीठ सैल पडतं, हाताला चिकटतं, यीस्ट भराभर उठतं आणि पाव खायला पुचाट लागतो. मीठ पिठाला ताकद देतं आणि यीस्टला आवरून धरतं. गोड बनला साखर जास्त घालतो, त्याने मीठ झाकलं जातं. ५० ग्रॅमच्या बनमध्ये मैदा तीसेक ग्रॅम, त्यात मीठ अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. तुमच्या पाकिटाशी जुळतंय.

म्हणून लादी आणून मिठाचा प्रश्न सुटणार नाही. लादीत साखर कमी असते, पण मीठ तेवढंच, आणि तिच्यावर आकडे छापलेले नसतात. तुमच्या हातात निदान पाकीट आहे.

रंगाला भुलून ब्राउन बनकडेही वळू नका. यादीत पहिला मैदाच आणि खाली १५० दिसला, तर तो कॅरामलचा रंग. 'होल व्हीट' मोठ्या अक्षरात असेल तर गव्हाचं पीठ किती टक्के ते शोधा.

फोंड्याहून

आमच्याकडे गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून पोई आणतो, ती इथल्या पावाची एक जात. कोंडा लावलेली, आतून पोकळ. पोट भरतं, म्हणून एकीवर भागतं. पण भट्टीवाले म्हणतात ते खरं, मीठ पोईतही असतं. माझ्या आईला बीपी आहे, ती अर्धी पोई खाते, बाकी पेज. पेजेत मीठ आपल्या हातात असतं.

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग लावून पाहिलं, 'सर्व्हिंग साइज २५ ग्रॅम' खरंच लिहिलंय, चिकटवलेल्या किमतीच्या शेजारी. चारही बन काट्यावर ठेवले: ४९, ५२, ५०, ५१. अर्धा बन कोण खातं हो? मला याचा फार राग आला. वहीत लिहिणारी मी फसले, तर नुसता टक्का बघून पाकीट उचलणाऱ्याचं काय?

फोंड्याच्या ताईंच्या पेजेवरून मला भाकरी आठवली. ज्वारीच्या भाकरीत आम्ही मीठ घालतच नाही! पोळीच्या कणकेत चिमूट घालायचे, ती आता बंद केली. अण्णांसमोर वही ठेवली, २.३ ग्रॅम मीठ खरोखर मोजून बशीत काढून दाखवलं. बराच वेळ बशीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "सकाळचा एक राहू दे. संध्याकाळी तू म्हणशील ते."

आठवडा झाला. सकाळी एक बन, संध्याकाळी गॅलरीतच ताज्या भाकरीचा दुधात काला. कवळीला त्रास नाही. ११५ वरून गुणाकार करत बसायला नको म्हणून वहीत सरळ लिहिलंय: एक बन, २३० मिलिग्रॅम. पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, वही घेऊन जाणार आहे.

भट्टीवाले दादा, अजून एक विचारते. डब्यात खारी आणि टोस्टही असतात, दुपारी अण्णा त्यातलं घेतात. खारी सुट्टी आणते, त्यावर काहीच छापलेलं नाही. किलोला मीठ किती घालता तिच्यात?