टीप परत उसवावी लागली (स्लीव्ह ऑपरेशनला वीस महिने)

मापाची_वही (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार. मी 44 वर्षांची, घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, अस्तर, लग्नाची घाईची कामं, सगळं. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकतात ते. तेव्हा वजन 109 होतं, उंची पाच फूट दोन इंच. शुगर नुकतीच सुरू झाली होती आणि माडीवरच्या मशीनपर्यंत जायचं तर जिन्यात दोनदा बसावं लागायचं.

पहिलं वर्ष कसं गेलं ते कळलंच नाही. भूक म्हणून लागायची नाही. मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी होती, तीच माझं ताट झाली. वाटीभर मऊ डाळ-भात संपवायला अर्धा तास लागायचा. पहाटे रंकाळ्याला जायचे. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळायला लागले तेव्हा रडले होते, पण तेही थांबलं, नवे आले. गिऱ्हाइकांची मापं लिहिते त्याच वहीत मी माझंही एक पान केलं होतं. छाती, कंबर, दंड, मुंढा. दर महिन्याला एकेक आकडा खाली. दर महिन्याला माझेच ब्लाऊज आत घ्यायचे. गल्लीतली प्रत्येक बाई थांबवून विचारायची, काय करतेस गं? खरं सांगते, तेव्हा मला कुणी ढकलावं लागलं नाही. वहीचं पानच मला पहाटे उठवायचं.

एप्रिलमध्ये 71 वर आले आणि तिथंच थांबले. मग पावसाळा लागला, चालणं बंद पडलं. आषाढात टेंबलाईची यात्रा, त्यात घरोघरी मटण. पुढं गणपती, नवरात्र, दिवाळी. माझा सगळा धंदा याच दिवसांत, रात्री एकपर्यंत मशीनवर. शेजारी भडंगाचा डबा. मटणाच्या दोन फोडी खाल्ल्या की माझं पोट गच्च होतं, पुढं घास जात नाही. पण भडंग मूठ मूठ करत डबा अर्धा होतो आणि पोटाला पत्ताही लागत नाही. आता वजन 76 आहे.

गेल्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्यासाठी हिरवा ब्लाऊज काढला. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच मीच आत घेतलेला. हुक लागेना. रात्री सगळे झोपल्यावर दिवा लावून ती टीप उसवली. माझ्याच हातची बारीक टीप, एकेक टाका कात्रीच्या टोकाने उचलत. हात थरथरत होते. दुसऱ्याच्या ब्लाऊजची टीप मी रोज उसवते, पण ही उसवताना वीस महिने मागं चालले आहे असं वाटलं.

साखरपुड्यात जाऊबाई म्हणाल्या, "एवढं ऑपरेशन करून घेतलंस, आता परत भरायला लागलीस की." त्या वाईट नाहीत, पण ते वाक्य तिथून माझ्याबरोबर घरी आलं.

ज्यांच्या ऑपरेशनला दोन, तीन, पाच वर्षं झाली त्यांना विचारायचं आहे. कौतुक संपल्यावर, काटा खाली यायचा थांबल्यावर, तुम्ही कशाच्या जोरावर रोज उठता? काय खायचं ते मला पाठ आहे. मनच लागत नाही. सकाळी अंग उचलत नाही. मी आळशी बाई नाही हो, आयुष्यभर राबले आहे.

---

जुना_मल्ल (कसबा बावडा)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. टीप उसवल्याचं वाचून मलाही भरून आलं.

मी तालमीत वाढलेला माणूस. पहाटे साडेचारला वस्ताद काठी आपटत यायचे. थंडी असो, पाऊस असो, आदल्या दिवशी कुस्ती हरलेली असो. मन लागतंय का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. 27 व्या वर्षी खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. मेहनत सुटली पण खुराक सुटला नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई, रविवारी किलोभर मटण, सगळं चालूच. आमच्याकडे कितीतरी मल्लांचं असंच झालं आहे. 45 व्या वर्षी मी 141 किलो होतो, दिवसाला दोनदा इन्सुलिन. मग बायपास केली, हृदयाची नव्हे, वजनासाठी जठराची करतात ती. त्याला आता सहा वर्षं झाली.

माझा आकडा सांगतो म्हणजे तुमचा जीव थोडा हलका होईल. दीड वर्षात 88 वर आलो. तिसऱ्या वर्षी 101 झालो. आज 92 आहे आणि दोन वर्षं तिथंच आहे. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वजन उतरतं ते मुख्यतः पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत, त्यानंतर तळापासून थोडं वर येणं बहुतेकांना होतं. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं, कारण तेव्हा वजन उतरत होतं. तुम्ही 109 वरून 76 वर आहात ताई. 33 किलो अजून खाली आहात.

101 झालो तेव्हा मीही तुमच्यासारखाच कशाचा जोर मिळतो का ते शोधत होतो. मग तालमीतलं आठवलं. आता माझा नियम एकच. साडेपाचला कपडे बदलून उंबरा ओलांडायचा. पुढं काय करायचं ते तिथं गेल्यावर. अगदीच नको वाटलं तर दहा बैठका घालून घरी आलं तरी चालतं. तेव्हापासून दहा बैठका घालून परत आलो असे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील. एकदा लाल मातीचा वास नाकात गेला की अंग आपोआप चालतं. पण त्या वासापर्यंत जायचं पायांनी, मनाला न विचारता.

दुसरं, नुसतं चालू नका. वजन उतरताना चरबीबरोबर मांसही उतरतं आणि ते भरून काढलं नाही तर पुढं कमी खाऊनसुद्धा वजन चढतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम पाहिजेच. तुम्ही मशीनवर बसता, तर तिथंच खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करा, दहा-दहाच्या तीन खेपा. भिंतीला हात टेकून जोर मारा. गुडघे दुखत असतील तर आधी दाखवून घ्या.

आणि ऑपरेशनवाल्याला मन घट्ट कर म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मन घट्ट करून मी हिंदकेसरी होणार होतो.

---

आहाराची_वाट (इचलकरंजी)

मापाची_वही ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. अशा ऑपरेशनचे पेशंट पाहते म्हणून लिहिते. जुना_मल्ल दादांनी व्यायामाचं सांगितलंच आहे, त्यात मी भर घालत नाही.

भडंगाचं तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर आहे. स्लीव्हनंतर जठर केळ्याएवढ्या नळीसारखं उरतं. मटण, अंडं, पनीर असलं घट्ट अन्न त्यात थांबतं, म्हणून दोन फोडींत पोट भरतं. भडंग, चिवडा, बिस्किटं, खारी तोंडातच विरघळतात आणि पातळ होऊन खाली सरकतात. पांढऱ्या रश्शाचंही तेच. वाटीवर वाटी जाते, नारळाच्या दुधाचं आणि काजू-खसखशीचं सगळं पोटात जातं, पण भरल्यासारखं वाटत नाही. तेव्हा फोडी आधी, रस्सा दोन चमचे, भाकरी शेवटी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. मिसळ खायची तर मटकी निथळून खा, फरसाण आणि पाव घरच्यांना.

भूक परत आली म्हणून स्वतःला दोष देऊ नका. काढलेल्या भागात भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक (हॉर्मोन) बनत होतं, म्हणून पहिले महिने भूक गायब असते. पुढं शरीर जुळवून घेतं. रात्री एकपर्यंत जागलात तर ती आणखी वाढते, आणि ती भूक भाजीची कधीच नसते.

प्रोटीन दिवसाला किमान 60 ग्रॅम हवं. अंदाज यावा म्हणून सांगते. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, सोयाबीनच्या कोरड्या वड्या तीस ग्रॅम घेतल्या तर पंधरा, वाटीभर शिजलेल्या मटकीत सात-आठ. मशीनजवळ डबा असणारच असेल तर त्यात उकडलेली अंडी ठेवा.

आता जे मला सर्वात महत्त्वाचं वाटलं ते. "सकाळी अंग उचलत नाही" असं तुम्ही लिहिलंत आणि गोळ्यांविषयी एक शब्द लिहिला नाहीत. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व चालू आहेत का? ही औषधं जन्मभर घ्यायची असतात, केस आले म्हणून सोडायची नसतात. शेवटचं रक्त कधी तपासलं? तुम्ही ज्याला मन लागत नाही म्हणता त्यातलं निम्मं रक्तातलंही असू शकतं. धाप लागते का, हातापायांना मुंग्या येतात का? याच आठवड्यात तुमच्या सर्जनला भेटा, रक्त तपासून घ्या. उलट्या किंवा सारखी जळजळ असेल तर तेही सांगा.

---

मापाची_वही

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. दिवाळीच्या आधीच गोळ्या बंद केल्या होत्या. संपल्या होत्या आणि आणायला जायला वेळ झाला नाही, मग तसंच राहिलं. मुंग्या येतात. मला वाटलं मशीनमुळे. उद्याच रक्त देते.

---

शाहूपुरीची_सून

माझ्या स्लीव्हला सात वर्षं झाली. मल्ल दादांचं उंबऱ्याचं पटलं, पण एक गोष्ट माझ्या बाबतीत वेगळी झाली. एकटीने उंबरा ओलांडणं मला कधी जमलं नाही. तालमीत दहा जणं तरी दिसतात. आपण बायका घरातून निघतो तेव्हा मागं डबे, दूध, पाणी, सासूबाईंचा चहा, सगळं ओढत असतं. मला कुणीतरी वाट बघतंय हे लागतं. म्हणून आम्ही तिघी ठरवून भेटतो, रंकाळ्याला, पदपथ उद्यानाच्या दारात, सकाळी सहाला. जी येणार नाही तिने रात्री नऊपर्यंत कळवायचं, सकाळी कळवलेलं चालत नाही. चौथीला जागा आहे.

स्वयंपाकाचं पण सांगते. पहिली तीन वर्षं मी घरच्यांसाठी वेगळं आणि माझं वेगळं करायची. त्यात जीव जायचा आणि वेगळं करताना चव बघून बघूनच पोट भरायचं. आता एकच स्वयंपाक, माझं ताट फक्त वेगळ्या क्रमाने. वजन आठवड्यातून एकदाच करते, सोमवारी. रोज करत होते तेव्हा काट्यावरून उतरले की दिवसभर तोंड पडलेलं असायचं.

आणि जाऊबाईंचं वाक्य त्यांना परत द्यायला जाऊ नका. मी एकदा दिलं होतं, वर्षभर बोलणं बंद होतं.

---

मापाची_वही (पाच आठवड्यांनंतर)

उशीर झाला, माफ करा. सगळं सांगते.

हिमोग्लोबिन 9.4 निघालं. बी-12 पण बरंच कमी. डॉक्टर रागावले नाहीत, पण गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पर्समध्ये ठेवायला सांगितल्या, म्हणजे संपत आल्याचं लक्षात येईल. बी-12 ची इंजेक्शनं चालू झाली, लोहाची गोळी सकाळी, कॅल्शियम दुपारी, दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत म्हणून. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस माडीवर गेले आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की मधे थांबले नव्हते. मी पायरीवर उभी राहून खाली बघत बसले. इतके दिवस स्वतःला काय काय बोलले होते.

सगळं सुटलं असं नाही. भडंगाचा डबा खाली सासूबाईंच्या कपाटात ठेवला आहे. त्या काही बोलत नाहीत, पण रात्री मी जिन्यात दिसले की विचारतात, "पाणी पाहिजे का गं?" दोनदा पाणी पिऊन परत वर आले. एकदा डबा काढलाच. अंड्यांचा डबा मशीनवर आहे, कापडाला वास लागतो म्हणून घट्ट झाकणाचा आणला. खुर्चीवरची उठ-बस दहाच्या दोन खेपा होते, तिसरीला मांड्या थरथरतात.

वजन 75.2. फार नाही उतरलं. पण वहीच्या पानावर मी आता वजनाशेजारी आणखी एक रकाना आखला आहे, किती दिवस उंबरा ओलांडला त्याचा. गेल्या आठवड्यात पाच लिहिले.

हिरव्या ब्लाऊजची टीप अजून मारली नाही. आतली माया तशीच ठेवली आहे, लागेल तेव्हा कामाला येईल.

शाहूपुरीची_सून ताई, आज रात्री नऊच्या आत कळवते आहे. उद्या गुरुवारी जमणार नाही, लग्नाचे बारा ब्लाऊज द्यायचे आहेत. शुक्रवारी सहाला दारात आहे. चालताना म्हणालात ना, ब्लाऊजचा दंड थोडा सैल झाला, तो ब्लाऊज घेऊन या.